झुंबरावरची खेळणी आणि मध्येच वळणारी वाक्यं

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत एक घोषणा झाली आणि तिच्यावरून तिथं बरेच दिवस भांडण चाललं. सुपर बोल म्हणजे त्यांच्या फुटबॉलची फायनल. आपल्याकडे वर्ल्ड कपच्या फायनलला रस्ते ओस पडतात, तसं तिथं त्या दिवशी होतं. या सामन्याच्या मध्यंतरात बॅड बनी गाणार, असं जाहीर झालं. हा गायक पोर्तो रिकोचा, आणि गातो स्पॅनिशमध्ये. त्याच वर्षी १ मार्चला ट्रम्प यांनी इंग्रजी ही देशाची अधिकृत भाषा असल्याचा आदेश काढलेला. मग काय, ‘आमच्या सामन्यात परकी भाषा कशाला’ असा सूर लागला. गंमत म्हणजे बॅड बनी परका नाही. तो जन्मानं अमेरिकन नागरिक आहे.

आपल्याकडेही २०२५ हे वर्ष भाषेच्या भांडणाचंच होतं. पहिलीपासून हिंदी लावणारा शासन निर्णय एप्रिलमध्ये निघाला, जूनअखेर मागे घेतला गेला. त्यामुळे त्या वादाचा सूर आपल्या कानाला ओळखीचा वाटावा.

मला मात्र त्या गायकाच्या गाण्यांपेक्षा त्याच्या जानेवारी २०२५ च्या अल्बमचं मुखपृष्ठ जास्त भावलं. त्यावर माणूसच नाही. केळीच्या झाडांपुढे दोन रिकाम्या, पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, लग्नाच्या मांडवात रचून ठेवतात तसल्या. पोर्तो रिकोच्या माणसाला त्या बघून आजीचं अंगण का आठवतं, हे समजून घ्यायचं तर चाळीस वर्षं मागं जावं लागेल, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये. तिथं पेपॉन ओसोरिओ नावाचा एक माणूस सायकली आणि झुंबरं सजवत होता.

आधी थोडा भूगोल

पोर्तो रिको हे कॅरिबियन समुद्रातलं बेट. १८९८ च्या युद्धानंतर ते स्पेनकडून अमेरिकेकडे आलं. १९१७ मध्ये तिथल्या लोकांना अमेरिकन नागरिकत्व मिळालं, पण बेटावर राहणाऱ्याला आजही राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत देता येत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर बेटावरची शेती आटली, कारखाने सगळ्यांना पुरले नाहीत आणि माणसं विमानात बसून न्यूयॉर्कला गेली. कपड्यांच्या कारखान्यांत, हॉटेलांच्या मोऱ्यांवर, इस्पितळांत, गोदामांत कामाला लागली.

कोकणातला चाकरमानी बोटीनं आणि नंतर एसटीनं गिरणगावात यायचा. गावाकडे मनीऑर्डर, इथं दहा बाय बाराची खोली, डोक्यात गणपतीची रजा. पोर्तो रिकोच्या माणसाचं तेच, फक्त मध्ये एसटीऐवजी विमान. आणि त्याला उतरल्या उतरल्या भाषाही बदलावी लागायची.

न्यूयॉर्कमधल्या या लोकांना ‘न्यूयोरिकन’ म्हणतात. हा शब्द सुरुवातीला टोमणा होता. धड न्यूयॉर्कचा नाही, धड पोर्तो रिकोचा नाही, असा. सत्तरच्या दशकात तिथल्या कवींनी तोच आपल्या छातीवर लावला. १९७३ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या कवितेच्या अड्ड्याचं नावही न्यूयोरिकन पोएट्स कॅफे.

मिश्र माध्यम म्हणजे नेमकं काय?

पेपॉन ओसोरिओ १९५५ मध्ये पोर्तो रिकोच्या सांतुर्से भागात जन्मला, विशीत न्यूयॉर्कला आला, समाजशास्त्र शिकला. मग ब्रॉन्क्समध्ये समाजसेवक म्हणून नोकरी केली. मुलांना घरात मारहाण, हेळसांड होऊ नये म्हणून काम करणारा विभाग होता. त्यामुळे त्याचं रोजचं काम म्हणजे लोकांच्या घरी जायचं, बसायचं, बोलायचं. कला महाविद्यालयातून तयार झालेल्या चित्रकाराला जे सहसा दिसत नाही, ते याला दिसत होतं: गरीब माणूस आपल्या घरात काय काय मांडून ठेवतो.

यातून त्यानं जे केलं त्याला मिश्र माध्यमाची कला म्हणतात. अर्थ साधा आहे. एकाच कलाकृतीत रंग, कापड, प्लास्टिक, फोटो, आवाज, व्हिडिओ असं जे लागेल ते वापरायचं. आणि अशा वस्तूंनी अख्खी खोलीच उभी केली, ज्यात प्रेक्षक आत शिरू शकतो किंवा दारातून डोकावू शकतो, तर तिला आपल्याकडचे समीक्षक ‘मांडणशिल्प’ म्हणतात. दोन शब्द झाले. यापुढं फार लागणार नाहीत.

त्याचं १९८८ चं झुंबर बघा. आता ते स्मिथसोनियनच्या अमेरिकन कलेच्या संग्रहालयात आहे. मी फोटोतच पाहिलंय, पण बराच वेळ पाहिलंय. मूळ झुंबर दिसतच नाही. त्याच्यावर मण्यांच्या माळा, त्या माळांमध्ये इवल्या प्लास्टिकच्या बाहुल्या, माडाची झाडं, डॉमिनोच्या सोंगट्या. एक बोट ठेवायला जागा नाही. एरवी झुंबर कुठं असतं? राजवाड्यात, नाटकगृहात. पण न्यूयॉर्कच्या पोर्तोरिकन वस्त्यांत, सरकारी इमारतींतल्या बुटक्या छताच्या खोल्यांतही ती लटकलेली असायची. ओसोरिओनं ते श्रीमंती झुंबर घेतलं आणि बेटाच्या आठवणींनी, डॉलरच्या दुकानातल्या मालानं मढवलं.

मला हे झुंबर पाहून लालबागच्या चाळीतली आत्याची शोकेस आठवली. भिंतीतलं काचेचं कपाट. आत जपानी बाहुली, प्लास्टिकच्या वेष्टणासकट. कधीही चहा न प्यायलेला सहा कपांचा सेट. चुलतभावाचा कबड्डीचा कप. शिर्डीहून आणलेला, हलवला की बर्फ पडणारा गोळा (शिर्डीत बर्फ का पडतो, हे कुणी विचारलं नाही). देवगडच्या किनाऱ्यावरचा शंख. तिघांना पाठ टेकायला जागा नसलेल्या खोलीत ही चार फूट भिंत शोकेसला दिलेली होती. काका गिरणीत, बदलीवर. आत्या दर शनिवारी एकेक वस्तू उतरवून पुसायची. ओसोरिओला हीच गोष्ट कळली होती: जागा आणि पैसा दोन्ही कमी असताना माणूस जे मांडतो, ते उगाच मांडलेलं नसतं. ‘आम्ही कुठून आलो, काय जिंकलं आणि अजून काय हवंय’ एवढं त्या काचेमागं असतं.

आणि दोन भाषा? त्यांचा इथं काय संबंध?

आता घराच्या बाहेर, रस्त्यावर या. न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेम भागात, रेल्वेच्या पुलाखाली एक बाजार आहे. नाव ‘ला मार्केता’. स्पॅनिशमध्ये बाजाराला ‘मेरकादो’ म्हणतात. ‘मार्केता’ हा इंग्रजी मार्केटला स्पॅनिश शेपूट लावून झालेला शब्द. तसंच मॅनहॅटनच्या ‘लोअर ईस्ट साइड’चं या लोकांच्या तोंडी ‘लोइसायदा’ झालं, आणि तिथल्या एका हमरस्त्याला आज ते नाव अधिकृतपणे आहे. इमारतीच्या गच्चीला, म्हणजे ‘रूफ’ला, हे लोक ‘रूफो’ म्हणतात.

बोलताना तर वाक्य अर्ध्यात वळतं. सुरुवात इंग्रजीत, शेवट स्पॅनिशमध्ये. याला भाषाशास्त्रात कोड-स्विचिंग म्हणतात. आपण दिवसभर तेच करतो: ‘मी त्याला तीन वेळा कॉल केला, पण ही वॉज नॉट इन द मूड, मग मी पण सोडून दिलं.’ शिक्षकांना, संपादकांना आणि काही नेत्यांना याचा फार राग. त्यांचं म्हणणं असं की, ज्याला एकही भाषा धड येत नाही तो दोन मिसळतो.

हे खरं आहे का, ते शाना पॉप्लॅक या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी मोजून पाहिलं. ईस्ट हार्लेममधल्या २० पोर्तोरिकन माणसांचं बोलणं त्यांनी ध्वनिमुद्रित केलं आणि १९८० मध्ये निष्कर्ष छापले. निघालं उलटंच. ज्यांना एक भाषा कच्ची होती ते जपून मिसळत, वाक्याच्या टोकाला एखादं ‘यू नो’ चिकटवण्यापुरतं. वाक्याच्या पोटात शिरून भाषा बदलणारे बहुतेक दोन्ही भाषांत पक्के होते. कारण ते अवघड काम आहे. दोन्ही भाषांचं व्याकरण जिथं जुळतं अशाच जागी सांधा बदलावा लागतो, नाहीतर गाडी घसरते. स्पॅनिशमध्ये विशेषण सहसा नामाच्या मागून येतं, इंग्रजीत आधी. त्यामुळे नाम आणि विशेषण यांच्या मध्ये भाषा बदलणं बोलणारे आपसूक टाळतात. त्यांना हा नियम कुणी शिकवलेला नसतो. पॉप्लॅक यांच्या नियमांना पुढं इतर भाषांतून अपवाद सापडले, वाद झाले. पण ‘ज्याला येत नाही तो मिसळतो’ या समजुतीला बसलेला तडा काही बुजला नाही.

आपल्याकडचा दाखला हवा तर ‘टेबलावर’ हा शब्द घ्या. टेबल इंग्रजी, पण त्याला ‘वर’ लावण्याआधी आपण मराठीच्या नियमानं त्याचा ‘टेबला’ करतो. पाचवीतलं पोरही ‘टेबलवर’ की ‘टेबलावर’ असा विचार करत बसत नाही. इंग्रजी शब्द मराठीच्या घरात आला की चप्पल बाहेर काढतोच.

आता झुंबराकडे परत या. झुंबर वरच्या वर्गाचं, माडाची झाडं गावची, प्लास्टिक परदेशी कारखान्यातलं, आणि हे सगळं कुठं कसं बसवायचं ते ठरवणारा हात वस्तीतला. वाक्याचंही असंच असतं. दोन्हीकडे बाहेरचा माणूस ‘काहीही कोंबलंय’ म्हणतो. आतल्या माणसाला प्रत्येक तुकडा त्या जागी का आहे ते माहीत असतं.

सलूनमध्ये रडायचं नसतं

ओसोरिओच्या कामातली भाषेची गंमत बघायला त्याचं १९९४ चं एक मांडणशिल्प घेऊ. कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्ड शहरात पार्क स्ट्रीट हा पोर्तोरिकन लोकांचा रस्ता. तिथल्या रिकाम्या पडलेल्या जागेत त्यानं अख्खं सलून उभं केलं. खुर्च्या मढवलेल्या, भिंतीवर लॅटिन अमेरिकन पुरुषांचे फोटोच फोटो, गाड्यांच्या चाकांच्या चकचकीत टोप्या, आणि व्हिडिओच्या पडद्यांवर रडणारे पुरुष. लहानपणी पहिल्यांदा केस कापायला नेलं तेव्हाच्या रडारडीची त्याची स्वतःची आठवण त्याच्या मुळाशी आहे.

कलाकृतीचं नाव दोन भाषांत आहे. स्पॅनिश नाव ‘एन ला बार्बेरिआ नो से योरा’, इंग्रजी ‘नो क्राइंग अलाउड इन द बार्बरशॉप’. इंग्रजी नाव वाचलं की भिंतीवरची पाटी दिसते, ‘थुंकू नये’च्या शेजारी लावलेली. स्पॅनिश नावात मनाई करणारा कुणी अधिकारी नाही. ‘नो से योरा’ म्हणजे ‘रडत नसतात’. हे बाप बोलतो, हात धरून, खालच्या आवाजात. योगायोगानं मराठीत ते जसंच्या तसं येतं: ‘सलूनमध्ये रडायचं नसतं, बाळा.’ पाटी फार तर दंड करते, बापाचं वाक्य मात्र पुढची पन्नास वर्षं आत चालू राहतं. एकाच खोलीला ओसोरिओनं दोन नावं दिली, आणि मला विचाराल तर त्यातलं कुठलंही दुसऱ्याचं निव्वळ भाषांतर नाही. म्हणूनच त्याला दोन्ही लागतात.

‘हे तर आमचा गण्याही करेल’

हा आक्षेप येणारच, आणि त्यात तथ्य आहे. गण्या खरंच करतो. गणपतीच्या मखरात थर्माकोलचा रायगड, जिलेटिन पेपरमागं फिरता बल्ब, देखाव्याला निवेदनाचा आवाज. गिरणगावातली मंडळं हे मांडणशिल्पच करत आली, फक्त दहा दिवसांनी ते मोडायचं असतं आणि त्याला कुणी कला म्हणत नाही. ओसोरिओनंही हे कौशल्य स्वतः शोधलं असा दावा केला नाही. वाढदिवसाच्या केकवरची नक्षी, बारशाला वाटायच्या रिबिनींच्या आठवणवस्तू, यांतूनच ते आलं. त्याची आई केक करायची.

मग त्याचं वेगळं काय? निवड आणि मांडणी, असं मी म्हणेन. १९९५ चं ‘बॅज ऑफ ऑनर’ हे काम बघा. न्यूयॉर्कजवळच्या न्यूअर्क शहरात, आधी वस्तीतल्या एका दुकानाच्या गाळ्यात मांडलेलं. शेजारी शेजारी दोन खोल्या. एक तुरुंगातली कोठडी, जवळजवळ उघडीबोडकी. दुसरी पंधरा वर्षांच्या आसपासच्या मुलाची खोली, बुटांनी, पोस्टरांनी, खेळाडूंच्या कार्डांनी गच्च, डोळे दिपतील इतकी. कोठडीत बाप, खोलीत मुलगा. दोघांची मोठी चित्रं भिंतींवर पडतात आणि मधल्या भिंतीतून ते एकमेकांशी बोलतात. बाप आणि मुलगा खरे होते. बाप खरंच तुरुंगात होता, आणि ओसोरिओनं दोघांकडे व्हिडिओ नेऊन आणून हा संवाद घडवला. एवढ्या वस्तू त्या मुलाच्या खोलीत का, हे शेजारची रिकामी कोठडी पाहिल्याशिवाय कळत नाही. दोन्ही खोल्या वेगवेगळ्या जागी ठेवल्या असत्या तर एक तुरुंग दिसला असता आणि एक लाडावलेला मुलगा.

‘पण गरिबी काचेत ठेवून श्रीमंतांना दाखवायची, हे बरं का?’

हा सगळ्यात बोचरा आक्षेप, आणि तो ओसोरिओला स्वतःलाच बोचला. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यानं एक पोर्तोरिकन घर उभं केलं होतं. बाहुल्या, देवदेवता, फोटो, फुलं, आणि मधोमध चादरीखाली एक मृतदेह. भोवती पोलिसांची पिवळी पट्टी. ‘गुन्ह्याची जागा (पण गुन्हा कोणाचा?)’ असं नाव. दारातल्या पायपुसण्यावरच मजकूर होता. त्याचा आशय असा की या वस्तू घरात गोळा करायला आमची वर्षं गेली, आणि त्याहून जास्त दुखतं ते सिनेमात आमच्या राहणीची टिंगल होते तेव्हा. म्हणजे बघणाऱ्याच्या नजरेलाच त्यानं आरोपी केलं.

काम गाजलं. पण ज्यांच्याबद्दल ते होतं ती माणसं त्या संग्रहालयात पाऊल टाकत नव्हती. तेव्हापासून त्यानं क्रम उलटा केला: काम आधी वस्तीत मांडायचं, दुकानाच्या गाळ्यात, रिकाम्या इमारतीत. संग्रहालय नंतर. वर सांगितलेलं सलून आणि न्यूअर्कच्या दोन खोल्या या निर्णयानंतरच्या. पुढं फिलाडेल्फियात त्यानं एक टेबलावर मावेल एवढं घर केलं, आगीत घर गेलेल्या एका कुटुंबाच्या हकिकतीवरून. ते घर वस्तीतल्या घराघरांत पाहुण्यासारखं मुक्कामाला जायचं. १९९९ मध्ये त्याला मॅकआर्थर फेलोशिप हा अमेरिकेतला मोठा मान मिळाला, २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यू म्युझियमनं त्याच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं. त्याचं नावही दोन भाषांत होतं.

आक्षेप यानं पुरता मिटतो का? नाही. शेवटी संग्रहालयाचं तिकीट काढणारा प्रेक्षक वेगळाच असतो, आणि विकत घेणारा त्याहून वेगळा. पण खोलीत कुठली वस्तू राहील हे ठरवताना त्या खोलीतल्या माणसाला विचारलं होतं की नाही, याने फरक पडतो. मला तरी पडतो.

मुंबईत याचे नातलग

थोडक्यात सांगतो, कारण हा वेगळा मोठा विषय आहे. घाटकोपरच्या चाळीत वाढलेल्या अतुल दोडियांनी दुकानांची लोखंडी शटरं रंगवली. शटर खाली असताना एक चित्र, वर सरकवलं की आत दुसरं. २००१ मध्ये ती लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये होती. पुढच्या काही कामांत त्यांनी गुजराती मजकूरही उतरवला. अमोल पाटील यांचे आजोबा पोवाडे गायचे, वडील नाटकं करायचे. सफाई कामगारांचं चाळीतलं जगणं ते रेखाटनं, हलती शिल्पं आणि आवाज यांतून मांडतात. जर्मनीतल्या कासेल शहरात भरणाऱ्या डॉक्युमेंटा या मोठ्या कलाप्रदर्शनात २०२२ मध्ये त्यांचं काम होतं. या दोघांना पोर्तो रिकोशी जोडायची गरज नाही. खोल्या सारख्या अरुंद आहेत, एवढं पुरे.

‘मिसळीचं एवढं कौतुक केलं तर मराठीचं काय होणार?’

हा प्रश्न तुम्ही मघापासून दाबून धरला असणार. न्यूयोरिकन लोकांकडे बघितलं तर दिसतं की मिसळ ही दोन्ही भाषा जिवंत असल्याची खूण आहे. स्पॅनिश हरते ती नातवंडांच्या पिढीत, जेव्हा मिसळायला दुसरी भाषाच उरत नाही आणि घरात निव्वळ इंग्रजी चालते. म्हणजे काळजी ‘टेबलावर’ म्हणणाऱ्या मुलाची नको, ‘ऑन द टेबल’ एवढंच म्हणता येणाऱ्याची करा. कामगाराच्या तोंडचेच शब्द बघा: पगार पोर्तुगीज, मजुरी फारसी, बोनस इंग्रजी. तिन्हींसाठी मोर्चे निघाले ते मराठीत.

अर्थात शाळेत मराठी नीट शिकवलीच पाहिजे, पाट्या मराठीत हव्यातच. ओसोरिओही स्पॅनिश नावाची जागा इंग्रजीला देत नाही, दोन्ही ठेवतो. मिसळ करायची तर घरात दोन्ही जिन्नस असावे लागतात.

मागच्या महिन्यात आत्याला फोनवर त्या झुंबराचा फोटो दाखवला. चाळ पाडून टॉवर झालाय, शोकेस गेली, कपांचा सेट खोक्यात घालून माळ्यावर आहे. ती मालवणीत विचार करते, शेजारणीशी मराठी बोलते, लिफ्टमनशी हिंदी, आणि टॉवरमधल्या पोरांना ‘स्लोली, स्लोली’ म्हणून ओरडते. फोटो तिनं दोन बोटांनी मोठा केला, बाहुल्या मोजल्या, माडाची झाडं ओळखली. मी म्हटलं, हे अमेरिकेच्या संग्रहालयात आहे.

“बरा आसा,” ती म्हणाली. “पण ह्येची धूळ कोण पुसता?”